जमनाबाईंचा श्वास

मित्रांनो, मी दवाखान्यातली एक जुनी रबरी पिशवी आहे. इथले लोक मला अंबू म्हणतात. ज्याला स्वतःला श्वास घेता येत नाही, त्याच्या छातीत मी हवा भरते. मला दाबतात, सोडतात. एवढंच माझं काम. एरवी मी कपाटात पडून असते. कुणी पुसतं, कुणी विसरतं.

सिद्धेश्वरजवळच्या तांड्यावरून जमनाबाईंना आणलं, तेव्हा त्यांच्या तोंडाला फेस होता आणि अंग घामानं भिजलं होतं. शेतात तहान लागली म्हणून त्या पाण्याच्या बाटलीतून प्यायल्या होत्या. बाटलीत फवारणीचं औषध होतं. शेजाऱ्यांनी मीठपाणी पाजून ओकायला लावलं, त्यातलं काही फुप्फुसात गेलं.

डॉक्टरांनी कपडे बदलायला, अंग धुवायला सांगितलं आणि इंजेक्शनांमागून इंजेक्शनं दिली. दुसऱ्या दिवशी जमनाबाई बोलल्या. त्यांचे पती, देवला, त्यांना घरी नेण्याचं विचारू लागले. डॉक्टर नको म्हणाले. ते बरोबर होतं; विषाचा परिणाम अजून संपला नव्हता. पुढच्या दिवशी जमनाबाईंना उशीवरून मान उचलता येईना. मग श्वास उथळ झाला.

त्यांच्या घशात नळी घालून मला जोडलं. नांदेडला न्यायचं ठरलं. गाडीत पार्वतीबाई सिस्टर मला दाबत होत्या. हात भरून आले, तेव्हा त्यांनी मला देवलांच्या हाती दिलं.

देवला म्हणाले, "बाटलीत औषध मीच भरलं व्हतं."

"आता तिची छाती वर येऊन राहिली का, तेवढं बघा," सिस्टर म्हणाल्या.

ते बघत राहिले. दाबत, सोडत. रडले नाहीत. नांदेडला श्वासाचं मशीन लागलं आणि मला काढून घेतलं, तरी त्यांची मूठ उघडत-मिटत होती.

बरेच दिवस गेले. मधे तापही येऊन गेला. मशीन बंद पडलं तर लागेल म्हणून मी उशाशीच होते. नळी निघाल्यावर एका सकाळी जमनाबाईंनी घोगऱ्या आवाजात पाणी मागितलं. देवलांनी पेला भरला, आधी स्वतः एक घोट प्यायले, मग पुढे केला. जमनाबाईंनी तो हातात घेतला. मग प्यायल्या.

मित्रांनो, औषध त्याच्याच डब्यात, कुलपात राहू द्या. कुणी चुकून प्यायलं तर ओकायला लावू नका. तो डबा सोबत घ्या आणि लगेच दवाखाना गाठा. बरं वाटलं तरी डॉक्टर सोडेपर्यंत थांबा. माझ्यात माझा असा श्वास नाही. कुणाचा तरी हात लागतो.