मी हाक मारेपर्यंत

तेजस्विनी झोपाळ्यावर बसली होती खरी, पण जीव थाऱ्यावर नव्हता. सन अठ्ठ्याण्णवचा एप्रिल. मखमलाबादच्या मळ्यात तिच्या डोहाळजेवणाला पन्नासेक बाया जमलेल्या, टेप मोठ्यानं लावलेला, आणि मोगऱ्याच्या दागिन्यांचा पत्ता नाही. ते ओवून आणणार होता तिचा नवरा, रविराज. तोच सकाळपासून गायब.

रविराजला गोंगाट सोसत नसे. लोक त्याला चक्रम म्हणत. 'अहो' म्हटलं तर तो मान वर करत नसे. अहो तर कुणीही असतं, असं त्याचं म्हणणं. नवऱ्याचं नाव घ्यायची घरात रीत नव्हती, म्हणून ती समोर जाऊन उभी राही. मग कुठे बोलणं व्हायचं.

अंगणात तिचा थोरला भाऊ ललित येरझाऱ्या घालत होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तो तिला नाशिक रोडला न्यायला आलेला. जो माणूस बायकोच्या डोहाळजेवणालाही येत नाही, त्याच्याकडे बहिणीला परत पाठवणार नाही, असं त्यानं तिच्या सासूच्या तोंडावर सांगितलं होतं. तेजस्विनीला तर परत यायचं होतं, ह्याच माणसाकडे. उलट्यांच्या दिवसांत ह्यानंच न सांगता दर दोन तासांनी लिंबू चिरून ठेवलं होतं.

"कुठं उलथलाय कुणास ठाऊक," सासू कुसाबाई पुटपुटल्या.

आणि तेजस्विनीला एकदम सकाळचं भांडण आठवलं. बाया किती, टेप कधी बंद होणार, हे त्यानं दहाव्यांदा विचारलं, तेव्हा ती वैतागून म्हणाली होती, "मी हाक मारल्याशिवाय तोंड दाखवू नका." दुसरा एखादा तासाभरात हसत परत आला असता. हा हाकेची वाट बघत बसला असणार.

ती उठली. टेप बंद करायला लावून मागच्या दारात गेली. सगळ्या बाया बघत होत्या. तिनं पदर सावरला.

"रविराज!"

कुसाबाईंनी तोंडावर हात ठेवला. पंपाच्या खोलीचं दार तेवढ्यात उघडलं आणि ओल्या फडक्यात मोगरा घेऊन तो आला.

"लय उशीर केला तू," तो म्हणाला. "फुलं सुकली असती."

कुणाकडेही न बघता त्यानं तिला बाजूबंद बांधले, हार घातला, गजरा माळला. एकही कळी लहानमोठी नव्हती. तिचे डोळे भरून आले, पण मुद्द्याचं बोलायचं राहिलं होतं.

"बाळ झालं की चाळिसाव्या दिवशी मला न्यायला या. सकाळी दहाला."

"बाळ झालं तो दिवस धरून?"

"धरून."

"बरं," म्हणून, बायांचा गलका वाढताच कानांवर हात ठेवत तो मळ्याकडे चालू लागला.

ललितनं विचारलं, हा खरंच येईल का?

"मी वेळ सांगितलीय, दादा," ती म्हणाली, आणि झोपाळ्यावर जाऊन बसली.