बारा ठिपक्यांची फळी

मित्रांनो, सुनंदाबाई गेल्या त्याच्या आदल्या सकाळीही त्यांनी माझ्यावर रांगोळीचे बारा ठिपके काढले होते. मी एक जुनी देवदारी फळी. अंबरनाथच्या कारखान्यात एका यंत्राच्या खोक्यातून मी सुटले. तिथले फिटर भगवंतराव, म्हणजे सुनंदाबाईंचे यजमान, यांनी मला रंधा मारला आणि धाकट्या लेकीसाठी, गोदूसाठी, अंगणात दोन विटांवर ठेवले.

गोदू तेव्हा सात वर्षांची. सपाट जमिनीवर ती अडखळे. चेंडू छातीवर आपटला तरी हात पुढे येत नसत. नजरेला नजर देत नसे. मास्तरांनी तिला शाळेतून परत पाठवले. सुनंदाबाईंनी मात्र एक हेरले होते : दारातल्या रांगोळीच्या ठिपक्यावर ती नेमके पाऊल ठेवते.

"रांगोळी तुडवायला शिकवताय होय, वहिनी?" शेजारच्या कुमुदिनीबाई म्हणायच्या.

"तुडवू दे. तिचे पाय तरी तिला कळतील."

तीन वर्षे रोज माझ्यावर ठिपके पडले. सहाव्याच्या पुढे गोदू कधी गेली नाही.

सुरुवातीला सांगितले त्या सकाळी बाई नळावर गेल्या होत्या. थोरली कुंदा, चौदा वर्षांची, पायरीवर वाचत बसली होती. गोदू माझ्यावर चढली आणि बाराही ठिपके चालून गेली. कुंदाने ते पाहिले.

बाई घागर घेऊन आल्या. "चालली का गं?"

"कुठली चालतेय! सारखं आपलं गोदू, गोदू. माझा पहिला नंबर आला, ते विचारलंस?"

"उद्या सगळं ऐकते हो," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी, दिवस मावळायच्या आत, पटकीने बाई गेल्या.

मग ठिपके कोण काढणार? मी मोरीत गेले, बादल्यांखाली कुजले. गोदूला दारात बसवून ठेवले. तिला जमत नाही हे एकदा ठरल्यावर कोणी पुन्हा पाहिले नाही. मित्रांनो, एखाद्या मुलाला काही जमत नाही असे कोणी सांगितले, तर तुम्ही स्वतः जाऊन पाहा. एवढेच मागते.

आठ वर्षांनी भगवंतराव निवृत्त झाले. बदलापूरला जायचे म्हणून आवराआवर चालली होती. त्यांनी कुऱ्हाड घेऊन मला अंगणात ओढले.

"बंबात जाईल. सुनंदा तीन वर्षं उगाच राबली."

कुंदाने त्यांचा हात धरला.

"उगाच नाही, बाबा. आई गेली त्याच्या आदल्या दिवशी गोदू या टोकापासून त्या टोकापर्यंत चालली होती. एकटी. मी पाहिलं, आणि आईला खोटं सांगितलं."