ताटातल्या तांदळातलं नाव

मी कुंचला बोलतोय. भिंती रंगवणारा नव्हे हं. कोल्हापुरात सगळे आधी तेच समजतात. मी जपानी अक्षरं काढायचा कुंचला. दांडा बांबूचा, केस शेळीचे. तिकडच्या एका म्हाताऱ्या कारागिराने ते निवडून, विंचरून, मुळाशी घट्ट बांधले. केस इतके मऊ, की धरणाऱ्याच्या हाताला काय होतंय ते मला लगेच कळतं. याला गुण म्हणायचं की भोग, तुम्हीच ठरवा.

नोकरीसाठी जपानात गेलेली अदिती ही कला शिकली आणि येताना मला घेऊन आली. राजारामपुरीतल्या घरी, पुढच्या खोलीत ती हौशी मंडळींना शिकवते. माणसं मोठी गमतीची. शाईची कांडी दगडावर उगाळायला बसवलं की त्यांना देवाचं चंदन आठवतं, आणि पहिलं अक्षर उमटायच्या आत फोटो हवा असतो.

मागच्या माघात विजयसिंह आणि वैजयंती आले. कळंब्याला घर, मोटारपंपांचं दुकान. लग्नाचा तिसावा वाढदिवस म्हणून पुण्याच्या मुलाने परस्पर हे ठरवून टाकलं होतं.

"मला वाटलं पोरगं जेवायला पाठवतंय," विजयसिंह दारातूनच गरजले. "हितं तर शाळेत बसीवलं की!"

अदिती हसली. दोघांनी एकमेकांचं नाव लिहायचं होतं. तिने जपानी अक्षरांचा नमुना काढून दिला आणि बजावलं, "काका, एकदा ओढलेली रेघ पुन्हा गिरवायची नाही. चुकली तर चुकली."

विजयसिंहांनी मला गळ्यापर्यंत शाईत बुडवलं. 'वैजयंती' जपानीत चांगलंच लांबतं. शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला कसंबसं मावलं.

"नाव ठिवतानाच इचार कराय पायजे हुता," ते म्हणाले. "ह्ये मीच लिवलेलं नाव हाय, पोरी. लग्नात, ताटातल्या तांदळात, अंगठीनं. तांदूळ बी हिच्याच माहेरचा, शाहूवाडीचा."

मग वैजयंतीकाकूंनी नवऱ्याचं नाव लिहिलं. नीटनेटकं, एका ओळीत. कागद उरला होता. अदिती म्हणाली, "काकू, आता मनात येईल ते लिहा."

काकूंनी विचारलं, "लीला कसं लिवायचं?"

"लीला कोण?"

"माझी आई!" विजयसिंहच बोलून गेले. "चार वर्सं झाली जाऊन. बघ, सुनंला अजून सासूची आठवण हाय." त्यांचे डोळे खरोखर भरून आले होते.

मी काकूंच्या हातात होतो. बोटं गार पडली. पण अदितीने काढून दिलेल्या नमुन्यावरून त्यांनी लिहिलं. लहानसंच नाव, एका दमात झालं. मला खाली ठेवून त्या म्हणाल्या, "आत्याबाईंचं न्हवं. माझं हाय. माहेरचं."

विजयसिंहांना आठवायला वेळ लागला. सासूही लीला, सूनही लीला. एका घरात दोन लीला कशा चालायच्या? म्हणून नवीचं नाव बदललं. लग्नात असं होतंच, कुणाला त्यात वावगं वाटलं नव्हतं.

"अगं, मग कधी बोलली न्हाईस?"

"तुमी ताटात लिवत हुता तवा मला कुणी इचारलं?" काकूंचा आवाज चढला नाही. "आत्याबाई हुत्या तवर ठीक हुतं. त्या गेल्या तवा वाटलं, आता नाव मोकळं झालं. कुणीतरी हाक मारंल. कुणाच्या ध्यानातच आलं न्हाई."

एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण मान वर होईना. त्यांनी मला उचललं आणि आपण लिहिलेल्या नावावर नेलं. "ह्ये खोडतो."

काकूंनी मनगट धरलं. "खोडू नका. तिनं बी तीस वर्सं संसार केलाय."

खरं सांगतो, तेव्हापासून मला अपराधी वाटतंय. 'वैजयंती' हे नाव माझ्याच केसांतून उतरलं होतं. आपण काय, नुसतं साधन, असं म्हणून सुटता येतं. त्या अंगठीनेही तेच म्हटलं असेल.

जाताना विजयसिंहांनी मला अदितीकडून मागून घेतलं. आता मी कळंब्याच्या घरी टीव्हीशेजारच्या पेल्यात असतो. भिंतीवर त्यांच्या आईचा फोटो आहे. दुसऱ्याच दिवशी सकाळी विजयसिंहांनी, आदल्या दिवसाचं सगळं मनात धरून, दारातून हाक मारली, "लीला, ए लीला!"

काकू वळल्याच नाहीत. हातातलं फडकं थांबलं आणि त्यांनी वर फोटोकडे पाहिलं. त्यांच्या कानाला ते नाव अजून सासूचंच होतं.

विजयसिंह तिथेच उभे राहिले. मग जवळ आले, आणि मी कधी ऐकला नव्हता इतक्या बारीक आवाजात म्हणाले, "तुला कुठल्या नावानं हाक मारू?"

काकूंनी डोळ्याला पदर लावला. "आत्ता इचारलंसा व्हय," त्या म्हणाल्या. "बघते. इचार करून सांगते."

अजून सांगितलेलं नाही. तोवर विजयसिंह नुसतं 'अगं' म्हणतात, तेही चाचरत. मी वाट पाहतोय. मला गळ्यापर्यंत बुडवलं होतं ना, मुळाशी थोडी शाई राहून गेली आहे, कितीही धुतलं तरी निघत नाही. तुम्ही कुणाचं नाव लिहायला घ्याल, मग ते शाईत असो की तांदळात, तर आधी एवढं करा. ते नाव जिला वागवायचं आहे, तिला एकदा विचारा.