राखीव खेळाडूंचा बाक

मी एक जुना सागवानी बाक आहे. माझगावच्या मैदानात, बास्केटबॉलच्या रेघेबाहेर पडून असतो. आणि मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, माझी तक्रार आहे. वाळवीबद्दल नाही, उडालेल्या रंगाबद्दलही नाही. माझ्यावर कोणाला बसवतात आणि किती वेळ बसवतात, याबद्दल आहे.

आनंदा सुताराने मला गोदीतल्या जाड फळ्यांपासून घडवलं. काम चोख. एका बड्या कंपनीच्या साहेबांनी माझ्यावर थाप मारून मजबूत आहे म्हटलं, तेव्हा मी चांगलाच फुगलो होतो. मग मला त्यांच्या संघाच्या राखीव खेळाडूंसाठी ठेवलं. राखीव म्हणजे काय, ते मला हळूहळू कळलं. खेळायला आलेले, पण कोणी न खेळवलेले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. तेव्हा काळाचौकीचा जयवंत कंपनीत लागला. कोवळा पोरगा, पण उंच एवढा की चाळीतल्या खोलीच्या दारातून वाकूनच बाहेर पडायचा. त्याला घेतला होता खेळासाठीच, कचेरीत नावाला एक टेबल. पण नोकरी हंगामापुरती. साहेबांना त्याचा खेळ दिसला तर कायम, नाहीतर घरी. बाप गिरणीतल्या खोकल्याने अंथरुणाला खिळलेला, आई मालनबाई चार माणसांचे डबे करायची. दोघांची सगळी भिस्त या नोकरीवर.

आता गंमत ऐका. संघाचे कप्तान नाना, राहणारे गिरगावचे, कचेरीत हेडक्लार्क. माणूस देवमाणूस, पण कचेरीचा कायदा त्यांनी मैदानात आणून ठेवला होता. जो आधी नोकरीला लागला, तो आधी खेळणार. पळता येतं का, चेंडू जाळीत पडतो का, ते नंतर बघू! जयवंत सगळ्यात शेवटी लागलेला, म्हणून माझ्या पार कडेला. त्याच्याआधी आणखी दोघांचा नंबर, त्यातला एक तर बसल्या बसल्या पेंगायचा.

सामन्यामागून सामने गेले. जयवंतची टाच सारखी थरथरायची, आणि तिचा हादरा माझ्या पायांपर्यंत यायचा. माझा नुसता जळफळाट व्हायचा. वाटायचं, ओरडून सांगावं, अहो, उठवा की त्याला! पण बाकाचं कोण ऐकतं?

एकदा मात्र तो खेळला. हरताळाचा दिवस होता. ट्राम बंद, बस बंद, लालबागपासून रस्ताभर माणसंच माणसं. नाना आणि जुनी मंडळी घरीच अडकली. जयवंत मोर्चाबरोबर घोषणा देत चालत आला, जवळपास राहणारे चौघे आले, समोरच्या संघाचेही कसेबसे पाच जमले. आणि मित्रांनो, काय खेळला तो! चेंडू त्याच्या हातात गेला की समोरचे बघतच राहायचे. त्या दिवशी माझ्यावर कोणीच बसलं नव्हतं, आणि जन्मात एवढं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पण पंचच आला नव्हता, म्हणून तो सामना धरलाच नाही. साहेबांनी पाहिला नव्हता, नानांनीही नाही. जयवंतने नानांना सांगितलं, तर ते शाबास म्हणाले आणि नंबर येईपर्यंत धीर धर म्हणाले. घ्या!

शेवटचा सामना आला. साहेब खुर्ची टाकून बसले. जयवंत नानांजवळ जाऊन हळूच म्हणाला, "नाना, आज नाही खेळलो तर सोमवारपासून मी घरी."

"मी सहा वर्षं याच बाकावर काढली रे. तुला एक हंगाम जड झाला?" नाना म्हणाले. रागाने म्हणाले असते तर एक वेळ चाललं असतं. त्यांना तो न्यायच वाटत होता.

जयवंत येऊन बसला. या वेळी टाच हलली नाही. पाय माझ्याखाली मुडपून, मान खाली घालून तसाच बसून राहिला. संघ मागे पडत गेला. अगदी थोडा वेळ उरला, तेव्हा नाना धापा टाकत बाहेर आले. आधी त्या दोघांकडे पाहिलं, मग जयवंतकडे.

"यांचा नंबर मोडायचा मला हक्क नाही. माझी जागा घे. ऊठ."

जयवंत उठला आणि लंगडलाच. दोन्ही पायांना मुंग्या आलेल्या. तसाच धावला बिचारा. चेंडू मिळाला, समोर कोणी नव्हतं, शेंबड्या पोरानेही टाकला असता असा. उडी मारायला गेला आणि गुडघाच लटपटला. चेंडू जाळीच्या कडीवर आपटून बाहेर. शिट्टी झाली.

"बरोबरच बसवला होता याला," असं म्हणत साहेब गाडीकडे गेले.

जयवंत माझ्यावर बसून बुटांच्या नाड्या सोडत होता. नाना शेजारी येऊन बसले. म्हणाले, "सहा वर्षांनी मला उठवलं ना, तेव्हा माझाही पहिला चेंडू असाच वाया गेला होता. पण मी तोवर कायम झालो होतो."

सोमवारी जयवंत कामावर नव्हता.

मित्रांनो, मला पॉलिश नको, छप्पर नको. उद्या तुमच्यातलं कोणी कप्तान होईल, कोणी मास्तर, कोणी साहेब. माझ्यावर कोणी पोर बसलेलं दिसलं, तर पाय जिवंत आहेत तोवर त्याला उठवा. बसवून बसवून पाय मारायचे आणि मग याला पळताच येत नाही म्हणायचं, हे मला आता बघवत नाही.