तंबूजवळची बाई

बनुबाई गेल्याचा फोन आला तेव्हा आकाराम टीव्हीवर काउबॉयचा पिक्चर बघत होता. कराडच्या दवाखान्यातून मुलगी क्रांती एवढंच बोलली, "आबा, आई गेली." पडद्यावर घोडेस्वार गोळ्या झाडत रेड इंडियनांच्या वस्तीत शिरले होते. वस्तीतली माणसं एक शब्द न बोलता पडत होती. अगदी कडेला, एका तंबूजवळ, डोक्यावरून पांघरूण घेतलेली एक बाई पाठमोरी उभी होती.

हे पिक्चर बघायची सवय त्याला फौजेतली. उंब्रजला परत आल्यावर बनुबाईही शेजारी बसून बघायची, पण तिची नजर भलतीकडेच.

"आवं, त्या सरदाराची मान बघा. गोरीपान हाय. तोंडाला रंग फासलाय, सोंगी भजनात फासत्यात तसा."

"असू दे की."

"खरी माणसं मिळाली न्हाईत व्हय? आन् ती तंबूजवळची कोण?"

"कोण न्हाई. मागं उभी करायला आणलीया."

"मागं उभी ऱ्हायली म्हणून काय झालं? नाव असंलच की तिला."

श्रद्धांजलीच्या फ्लेक्ससाठी फोटो शोधायला घेतला, तर तिचा एकही धड फोटो निघेना. सगळीकडे ती कडेला, कुणाचं तरी पोर सांभाळत, तोंडावर पदर. क्रांतीच्या लग्नातल्या एका फोटोत, कडेला एका पोराचं बोट धरून उभी असताना, अर्धा चेहरा तेवढा सापडला. इस्लामपूरचा फोटोवाला भरतेश म्हणाला, "मामा, काळजी सोडा. उरलेला कंप्युटर भरतोय."

त्याने तो फोटो आधी फ्रेम करून आणला. शेजारपाजारचे म्हणाले, लय झ्याक आलीया. आकारामने बघितलं. गोरी, गुळगुळीत बाई. मान तेवढी सावळी राहिली होती.

"ही न्हाई. रंग फासलाय."

"थोडी गोरी केली म्हणून मामी रागावणार हाय व्हय?"

"रागावंल. तुला म्हाईत न्हाई ती."

फ्रेम परत गेली, फ्लेक्स लागलाच नाही. आकारामने भिंतीत खिळा ठोकला. वर्षश्राद्धाच्या आत तिथं तिचा खरा चेहरा लावायचा, एवढंच त्याने मनाशी धरलं.

एका दुपारी त्याने क्रांतीकडून तोच पिक्चर लावून घेतला. घोडेस्वार आले, माणसं पडली. आणि तंबूजवळची बाई वळली. पूर्वी ती कधी वळली नव्हती. पांघरूण सरकलं. हनुवटीवर गोंदण होतं.

त्याने चित्र थांबवलं. "क्रांते, तुझी आई!"

क्रांती स्वयंपाकघरातून आली आणि दारातच खाली बसली. "गोंदण आईचंच हाय, आबा."

त्याने भरतेशला कॅमेरा घेऊन बोलावलं. तो येईपर्यंत दोघांनीही टीव्हीवरची नजर काढली नाही. भरतेशने फोटो काढला, कॅमेऱ्यात बघितलं आणि पुन्हा एकदा बघितलं.

"काय रं?"

"मामा, नुसता तंबू आलाय."

आकारामने टीव्हीकडे बघितलं. तिथंही आता नुसता तंबू होता. चित्र थांबवलेलंच होतं, तरी तंबूच्या दारातलं फडकं हलत होतं. नुकतंच कुणी आत गेल्यासारखं.

क्रांतीने धावत जाऊन लग्नाचा अल्बम काढला. त्या फोटोत कडेचं पोर होतं. हात वर करून उभं होतं. त्याचं बोट धरलेलं कुणी नव्हतं.

भिंतीतला खिळा तसाच आहे. बनुबाईचा फोटो अजून लावायचा राहिला आहे.