बर्फगाडी, चमचम आणि तापलेला मी

"परत तापला हा मेला! हात लावावा तर चुलीवरचा तवा!"

मित्रांनो, तो मेला म्हणजे मी. मी एक जुना मोबाइल आहे. काचेला डाव्या कोपऱ्यात तडा, पाठीला चिकटपट्टी, आणि बॅटरी अशी की सकाळी शंभरावर असते ती न्याहारी उरकेपर्यंत साठावर येते. तरी सात वर्षं टिकून आहे.

करवादली ती रायली लेहटिनेन. अमेरिकेच्या उत्तरेला, डुलुथ शहराजवळच्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात ती दोनशे पोरांना जेवू घालते. दुपारी घरी आली की एप्रनही न सोडता लॅपटॉपपुढे बसते आणि मोबाइलवरचे खेळ बनवायला शिकते. शिकवायला कोणी नाही. इंटरनेटवरचा धडा लावायचा, थांबवायचा, चुकायचं, पुन्हा लावायचा.

तिचा पहिला खेळ माझ्यावर जन्मला, तोही तिच्या बाबांसाठी. आर्वोबाबांनी चौतीस वर्षं रस्त्यावरचा बर्फ पात्याने ढकलणारी सरकारी बर्फगाडी चालवली. निवृत्त झाल्यापासून ते हिवाळाभर खिडकीत बसून नव्या चालकांना नावं ठेवत. "हा बघ, पातं वर धरून चाललाय! रस्ता साफ करतोय की पावाला लोणी लावतोय?" म्हणून रायलीने त्यांना त्यांची गाडी परत दिली. करडा रस्ता, नारिंगी गाडी. बोटाने डावीउजवीकडे सरकवायची, बर्फ ढकलायचा आणि कडेला खांबांवर असलेल्या घरोघरच्या टपालपेट्यांना धक्का लावायचा नाही. तीन पेट्या पाडल्या की खेळ खलास.

"वाईट नाही," बाबा म्हणाले. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी नाही. रोज सकाळी कॉफीबरोबर ते मला हातात घेत. माझे ते सुखाचे दिवस.

मग बाईसाहेब पुढच्या धड्यावर गेल्या. पॉवर-अप! वाटेत मिठाची गोणी सापडली की पाच सेकंद बर्फ आपोआप वितळणार. थर्मास सापडला की सगळं सावकाश चालणार. इथवर मी काही बोललो नाही. पण गोणी फुटली की चमचमते कण उडायला हवेत ना! एका गोणीचे दोनशे. उडालेले कण नंतर पुसून टाकायचे असतात, तेवढं लिहायला मात्र ती विसरली. पडद्याबाहेर गेले म्हणजे गेले, असं तिला वाटलं. अगं, जातील कुठे? माझ्याच डोक्यात! दहा गोण्या झाल्या की दोन हजार कण मी वाहतोय, आणि वर मलाच मेला म्हणायचं. चूक तिला तीन आठवड्यांनी सापडली. "अगंबाई, पुसायचं राहिलंच की!" एवढंच. माझी माफी मागायचं कोणाला सुचलं नाही.

तोवर खेळात भुरभुर बर्फ पडू लागला होता, दिव्यांचे झोत आले होते, धक्का बसला की सगळा पडदा थरथरत होता. नारिंगी गाडी त्या लखलखाटात शोधावी लागे.

बाबा हरू लागले. "वेगळंच आहे हो," ते म्हणाले. मित्रांनो, आमच्याकडे शेजारणीच्या पदार्थाला पाहुणा "वेगळंच आहे" म्हणाला, की ती बाई तो पदार्थ पुन्हा करत नाही. रायली इथेच वाढलेली, तिला हे कळत नव्हतं असं नाही. पण खेळ अवघड झाला असेल, असं तिने स्वतःला समजावलं आणि आणखी दोन पॉवर-अप घातले. प्रत्येकाची वेगळी चमचम!

मला मात्र ठाऊक होतं. बाबा माझ्याकडे सरळ बघतच नसत. मान वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत. कॉफी ओतताना कपात बोट धरत. आणि जानेवारीत शेजारच्या व्हर्नामावशींची टपालपेटी पडली, तेव्हा मी बाबांच्या कोटाच्या खिशात, त्यांच्याच ट्रकमध्ये होतो. धक्का मलाही बसला. मावशी म्हणाल्या, वाऱ्याने पडली. रायलीही म्हणाली, वाऱ्यानेच. त्या दिवशी सगळ्या धुराड्यांचा धूर सरळ वर चालला होता. आणि बाबा तरीही दर गुरुवारी ट्रक काढून दुकानात जात, रायलीच्या शाळेतली पोरं जिथे बससाठी उभी राहतात, त्याच रस्त्याने.

शेवटी बाबांनी खेळणं सोडलं. मी खणात गेलो, रबरबँड आणि मेलेल्या सेलांच्या संगतीला. मित्रांनो, तिथे पडल्या पडल्या मला एवढंच वाटे, की कोणासाठी काही बनवाल, तर ते सजवण्याआधी त्याच्या शेजारी जरा बसा. तो ते कसं हाताळतो ते बघा. आमच्यासारख्यांची काळजी घ्या म्हणेन, पण आधी आम्हाला धरणाऱ्या हातांची घ्या.

एका रविवारी व्हर्नामावशी वेलदोड्याचा पाव घेऊन आल्या आणि रायलीने मला बाहेर काढलं. "बाबा, आता आकाशात हिरवे झोत नाचतात! खेळा ना एकदा."

बाबांनी मान वळवून खेळायला घेतलं. पहिली पेटी पडली. दुसरी पडली. पडदा थरथरला, कण उडाले, मी तापलो. तिसरी.

"एकच डाव तर गेला," मावशी घाईने म्हणाल्या. "आर्वो, पाव घे बघू."

"थांबा, मी नवा पॉवर-अप टाकते," रायली म्हणाली. "गाडी जवळ आली की पेट्या आपोआप बाजूला होतील."

"आणि हिची?" बाबांनी मावशींकडे बोट केलं. ते बोट थोडं चुकलंच. "हिची पेटी कोण बाजूला करणार होतं?"

"अरे, ती वाऱ्याने..."

"वारा नव्हता, व्हर्ना." त्यांनी खिशातून ट्रकची किल्ली काढली आणि मला चाचपून माझ्या शेजारी ठेवली. "मीच पाडली. पोरी, मला दिसत नाही गं."