कांद्याच्या सालींत न्हाणारा पायमोजा

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक जुना नायलॉनचा पायमोजा आहे. खरं सांगायचं तर आता माझे कापलेले तुकडेच उरले आहेत. वर्षातून एकदाच कामाला लागतो, तरीही माझं उत्तम चाललं आहे.

मला मेंढीने दिलं नाही, कापसाच्या बोंडाने नाही आणि रेशमाच्या किड्यानेही नाही. माझं मूळ जमिनीखालच्या तेलात. कारखान्यात त्यापासून साबुदाण्यासारखे दाणे झाले. ते वितळवून बारीक भोकांच्या चकतीतून दाबले. तुमच्याकडे सोऱ्यातून शेव पडते ना, तसाच मी पडलो आणि हवा लागताच धागा झालो. मग मला कितीतरी पट ताणलं, तेव्हा कुठे अंगात बळ आलं. माझे भाऊबंद मासेमारीची जाळी झाले, दोर झाले, दात घासायच्या ब्रशचे केस झाले. मी गेलो मोराव्हा नदीकाठच्या एका सर्बियन गावात, व्हुकोसावाच्या पायात.

स्वतःच्या लग्नात ती मला घालून मनसोक्त नाचली. पुढे खुर्चीचा खिळा लागला आणि मी गुडघ्यापासून टाचेपर्यंत उसवलो. तिने मला फेकलं नाही, कापून अंड्यांच्या कामाला लावलं. ईस्टरच्या आधीच्या शुक्रवारी आमच्याकडे घरोघर अंडी रंगवतात. अंड्यावर कोथिंबिरीसारखं एक नाजूक पान ठेवायचं, वरून मला ताणून बांधायचं आणि कांद्याच्या सालींच्या पाण्यात उकळायचं. अंडं तांबूस होतं, पानाची जागा फिकी राहते. व्हुकोसावाची अंडी गावात नावाजलेली. फुशारकी नाही मारत, पण पान घट्ट धरून ठेवायचं काम माझंच.

यंदा मात्र आजारपणाने तिच्या उजव्या हाताची मूठ मिटेनाशी झाली. शेजारची मिलुंका दारातूनच म्हणाली, "आता तुझी शहरातली सून दुकानातले स्टिकर चिकटवेल आणि होईल मोकळी!" व्हुकोसावाला ते झोंबलं. तिने नव्या सुनेला, तियानाला, बजावलं, "यंदा नीट झाली नाहीत ना, तर या घरात पुन्हा अंडी रंगवायची नाहीत."

तियानाने माझा डबा उघडला, मला चिमटीत धरलं आणि थेट कचऱ्यात टाकलं.

"आई, हे नायलॉन आहे. उकळत्या पाण्यात वितळून जाईल!"

तिने सुती फडक्याचे तुकडे बांधले. पण फडकं ताणलं जाईना. पानं सुटून पाण्यावर तरंगली आणि अंड्यांवर नुसते डाग पडले. व्हुकोसावाने ती बाजूला सारली. "जाऊ दे. विकतची आण," ती म्हणाली. तियानाच्या डोळ्यांत पाणी आलं. बटाट्याच्या सालींत पडून मी तळमळत होतो. अरे, उकळत्या पाण्याहून कितीतरी जास्त उष्णतेत माझा जन्म झाला, मला कसली भीती!

तेवढ्यात "एकदा करून तर बघू" म्हणत तियानाने मला कचऱ्यातून उचललं, स्वच्छ धुतलं आणि एक तुकडा पातेल्यात सोडून टक लावून पाहत राहिली.

"अय्या, याला तर काहीच झालं नाही!"

"माझं लग्न पाहिलंय त्याने," व्हुकोसावा म्हणाली, "तुझ्या पातेल्याला काय घाबरतोय!"

मग सासूने डाव्या अंगठ्याने पान दाबून धरलं आणि सुनेने मला ताणून दोऱ्याने बांधलं. उकळून झाल्यावर पहिल्या अंड्याची गाठ सोडली, तर पानाची शीर न् शीर उमटलेली! दोघी हसल्या. मला फार आनंद झाला.

अंडी पुष्कळ होती, मी अपुरा पडलो. तियाना आत गेली आणि चर्चला जाताना घालायला आणलेले पायमोजे घेऊन आली.

"अगं वेडे, नवे कोरे आहेत ते!"

"असू देत. पुढच्या वर्षी अजून जास्त करायचीत ना आपल्याला?"

व्हुकोसावाने धडधाकट हाताने पायमोज्याचं टोक ताणून धरलं, म्हणजे तियानाला नीट कापता यावं. संध्याकाळी आम्हाला धुताना ती सुनेला सांगत होती, "चुलीच्या तापलेल्या पत्र्यावर वाळत घालू नकोस हं, तिथे मात्र खरंच वितळतील. सावलीत घाल."

मित्रांनो, माती आम्हाला सहजासहजी पोटात घेत नाही, वर्षानुवर्षं आम्ही तसेच पडून राहतो. म्हणून फाटलो तरी फेकू नका, काहीतरी काम द्या. आज मी दोरीवर वाळतो आहे आणि शेजारी ते नवे तुकडे. त्यांना कांद्याचा वास अजून सोसत नाही. होईल सवय, पुष्कळ वर्षं काढायची आहेत त्यांना इथे.